पाठच्या भावंडांचे प्रश्न

या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे अपंग व्यक्तींच्या भावंडांविषयीची आहेत, आणि त्यांतले एक पत्र स्वतः अपंग असलेल्या बहिणीनेच लिहिलेले आहे. अशा घरांतल्या आई-वडिलांच्या कष्टांबद्दल आपल्याकडे सहानुभूतीने बोलले जाते; भावंडाच्या वाट्याला मात्र बहुधा एकच वाक्य येते, ‘पुढे तूच आहेस त्याला.’ हे वाक्य कधी आशीर्वादासारखे उच्चारले जाते तर कधी बजावल्यासारखे, आणि ऐकणाऱ्याचे वय त्या वेळी सात-आठ वर्षांचेही असू शकते. पत्रे लांबीमुळे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

प्रश्न : मी 38 वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. माझा पाठचा भाऊ 35 वर्षांचा आहे आणि त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तो सांगली जिल्ह्यात आई-वडिलांबरोबर राहतो आणि तिथल्या एका कार्यशाळेत पणत्या रंगवणे, उटण्याची पाकिटे भरणे अशी कामे करतो. नववीत असताना तो आईबरोबर मला शाळेत न्यायला आला, तेव्हा मैत्रिणींनी विचारल्यावर मी ‘तो शेजारच्यांचा आहे’ असे सांगितले होते. त्यानंतर वर्षभरातच निबंधस्पर्धेत ‘माझा भाऊ, माझा अभिमान’ लिहून मी पहिले बक्षीस मिळवले. माझ्या कांदेपोह्यांच्या वेळी त्याला मावशीकडे पाठवले गेले आणि मी एक शब्द बोलले नाही. लग्नानंतर सासूबाईंनी ‘हे घराण्यात असतं का?’ असे विचारले, त्याचे धड उत्तर मला आजही देता येत नाही. आता त्याला खेळात पदक मिळाले की मी त्याचे फोटो सगळ्या गटांवर पाठवते. मागच्या महिन्यात चुलतभाऊ म्हणाला, ‘फोटो रोज टाकतेस, गावी वर्षातून दोनदा येतेस.’ आई पाय घसरून पडल्यापासून मला रात्री झोप लागत नाही. त्याला कायमचे आमच्या दोन खोल्यांत आणायचे, या कल्पनेने मला घाम फुटतो आणि घाम फुटला याची लाज वाटते. माझा अभिमान खोटा आहे का? यंदा भाऊबिजेला त्याने स्वतःच्या कमाईतून मला 200 रुपये ओवाळणी घातली. ते पाकीट मी अजून उघडलेले नाही. — एक बहीण

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही शेवटी, जवळजवळ जाता जाता लिहिले आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. ते पाकीट उघडा आणि ते पैसे स्वतःवर खर्च करा. देवघरात ठेवू नका, फ्रेम करू नका आणि त्याचा फोटोही कोणाला पाठवू नका. भावाने बहिणीला घालायची ती ओवाळणी तुमच्या भावाने घातली, म्हणजे त्या दिवशी तो सरळ भावाच्या नात्याने वागला. तुम्ही मात्र ती प्रसादासारखी जपून ठेवली. भाऊबिजेचे पैसे कुठे गेले हे इतर बहिणींना दुसऱ्या आठवड्यात आठवतही नाही. त्याच्या पैशांनाही तोच साधा मान मिळायला हवा. जमले तर काय घेतले ते त्याला फोनवर सांगा, आणि पुढच्या वर्षी 200 कमी पडतात अशी तक्रारही करून पाहा.

तुमचा अभिमान खोटा आहे असे मला वाटत नाही. नववीतल्या मुलीने भाऊ नाकारला आणि वर्षभरात त्याच्यावर निबंध लिहिला, यात मला ढोंग दिसत नाही. नाकारल्याची टोचणीच तिने निबंधात उतरवली असावी. पुढे ही जोडी तुमच्या अंगवळणी पडलेली दिसते. आधी काहीतरी राहून जाते, मग त्याची भरपाई चारचौघांत कौतुक करून होते, आणि कौतुकाला टाळ्या पडल्या की राहून गेलेले पुन्हा टोचू लागते. चुलतभावाचा शब्द तुम्हाला लागला तो यामुळेच. मात्र या सगळ्या व्यवहारात भाऊ स्वतः कुठेच नाही, हे माझ्या मते त्या शब्दापेक्षा अधिक विचार करण्यासारखे आहे. निबंध त्याला वाचून दाखवला होता का? मावशीकडे जाताना त्याला कारण सांगितले होते का? फोटो पाठवू का, असे त्याला विचारता का? डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेक प्रौढांना आपल्याविषयी काय बोलले जाते ते चांगले समजते आणि त्यावर त्यांचे मतही असते. ते सावकाश विचारावे लागते, पर्याय सोपे करून पुढे ठेवावे लागतात आणि उत्तरासाठी थांबावे लागते, एवढेच.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तुमच्याजवळ तयार हवे, कारण पस्तीस वर्षांचे मौन काही अंशी त्या प्रश्नाच्या भीतीनेच पोसले आहे. शरीराच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असणे हे डाऊन सिंड्रोमचे कारण होय, आणि फ्रान्समधील संशोधकांनी ते 1959 मध्ये प्रसिद्ध केले. बहुतेकांच्या बाबतीत हा बीजपेशी तयार होताना घडलेला योगायोग असतो आणि तो घराण्यातून चालत आलेला नसतो. शंभरातील तीन-चार जणांत एकविसाव्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला असतो, आणि त्यातील काही घरांत ही जोडणी आई किंवा वडिलांकडून आलेली असू शकते. भावाची गुणसूत्र तपासणी झाली असेल तर तो कागद शोधा. झाली नसेल तर रक्ताच्या एका तपासणीत तो कोणत्या प्रकारात मोडतो हे कळते. जोडणीचा प्रकार निघाला तरच तुमची स्वतःची तपासणी करण्याचा प्रश्न येतो. तुमच्या आईच्या पोटात किंवा पूर्वजन्मात काही चुकले होते, ही समजूत घरात कुठे दडून बसली असेल तर तिलाही या निमित्ताने बाहेरचा रस्ता दाखवा.

आता घाम फुटण्याविषयी. तुमच्यापुढे आलेला प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी फारशा बहिणींपुढे आलाच नव्हता. अमेरिकेत 1983 च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुर्मान 25 वर्षांच्या आसपास होते. आता ते साठीच्या घरात गेले आहे, आणि त्यात जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियांचा मोठा वाटा आहे. पूर्वी बहुतेक घरांत आई-वडीलच अशा मुलाच्या मागे उरत. आता मूल आई-वडिलांच्या मागे उरते, आणि ही गोष्ट आनंदाची असली तरी त्यासाठी भावंडांची तयारी कोणी करून घेतलेली नाही. तुमच्या भीतीचे खापर केवळ स्वतःच्या स्वार्थावर फोडू नका. भावाचे आयुष्य जसजसे पुढे जाईल तसतसे काही आजारही लक्षात ठेवावे लागतील: थायरॉईडची तपासणी नियमित करावी लागते, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर स्मृतिभ्रंशाची लक्षणे इतरांपेक्षा लवकर दिसू शकतात.

तुम्ही पालकत्व आणि एका छताखाली राहणे या दोन गोष्टी एकच समजत आहात, असे पत्रावरून वाटते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्यानुसार 18 वर्षांवरील व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमू शकते. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था यांना अर्ज करता येतो. पालकाने नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि नंतर दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. अशा पालकाने त्या व्यक्तीला आपल्याच घरात ठेवले पाहिजे, असा याचा अर्थ होत नाही. भाऊ गावातच, ओळखीच्या माणसांत, एखाद्या मदतनिसाच्या आधाराने किंवा पुढे निवासी संस्थेत राहिला आणि त्याचे पैसे, औषधे, निर्णय यांवर तुमची नजर राहिली, तर तेही सांभाळणेच आहे. नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी 1977 मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ ही शाळा सुरू केली ती आपल्या मुलाच्या निमित्ताने, आणि डोंबिवलीजवळ ‘घरकुल’ ही निवासी संस्था उभी राहिली तीही पालकांनी एकत्र येऊन. मुलांचे शिक्षण आणि ‘आपल्यामागे काय’ हे प्रश्न पालकांना हयातीतच सोडवावेसे वाटले, म्हणून या जागा तयार झाल्या. वडील सरकारी निवृत्तिवेतनधारक असतील तर मुलाच्या अपंगत्वाची नोंद कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्यांच्या हयातीतच करून घ्या. मागाहून हे काम फार दमवते.

आणि गावी जाल तेव्हा भावालाच विचारा की आई थकली तर त्याला कुठे राहायला आवडेल. कदाचित तो पुणे म्हणेल. कदाचित कार्यशाळा, नेहमीचा चहावाला आणि एस. टी. स्टँडवरचे ओळखीचे कंडक्टर सोडून तुमच्या दोन खोल्यांत यायला तोच नकार देईल, आणि इतक्या वर्षांचा तुमचा घाम फुकट गेल्याचे कळेल.

जाता जाता एक दाखला देते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या धाकट्या बहिणीचे, रोजमेरीचे, बौद्धिक वाढीचे प्रश्न होते. 1941 मध्ये, ती 23 वर्षांची असताना, वडिलांनी तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करवली. त्यातून ती कायमची परावलंबी झाली आणि पुढचे आयुष्य संस्थेत गेले. कित्येक वर्षे घरात तिचा उल्लेखही दुर्मीळ झाला. तिची धाकटी बहीण युनिस हिने 1962 मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात लेख लिहून आपल्या बहिणीची गोष्ट जाहीरपणे सांगितली, आणि 1968 मध्ये शिकागोला बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठीची पहिली स्पेशल ऑलिंपिक भरवली. युनिसच्या मनात अभिमान किती आणि अपराधीपणा किती होता हे वेगळे काढता येणार नाही, आणि तसे काढण्याची गरज मला दिसत नाही. तुम्हीही संस्था काढा असे मी मुळीच म्हणत नाही. नोकरी करणाऱ्या बाईने दर दोन महिन्यांनी एक शनिवार-रविवार गावी काढला तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : मी 31 वर्षांची, जन्मतः अंध. नागपूरला बँकेत नोकरी करते, एकटी ये-जा करते, घरखर्चात माझा अर्धा वाटा असतो. धाकटा भाऊ मला ‘माझी प्रेरणा’ म्हणून लोकांपुढे उभे करतो आणि घरात ताटात वाढतानासुद्धा माझा हात धरतो. बंगळुरूची चांगली नोकरी त्याने ‘ताईला सोडून कसा जाऊ’ म्हणून नाकारली आणि लग्नाचा विषयही याच कारणाने टाळतो. मी त्याला काहीच मागितले नव्हते. वडील दोन वर्षांपूर्वी इच्छापत्र न करता गेले. आता काका म्हणतात, ‘तो तुला जन्मभर सांभाळणार आहे, तर घरावरचे हक्कसोडपत्र करून दे.’ भाऊ मान खाली घालून गप्प बसतो. त्याचा अपराधीपणा मला वाहावा लागतो, असे म्हटले तर कृतघ्न ठरेन का? — एक ताई

उत्तर : कृतघ्न ठरण्याचा प्रश्न येत नाही. आधी कागदाचे बोलते. घर वडिलांच्या स्वकमाईचे आणि त्यांच्या नावावर असेल व इच्छापत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार आई, तुम्ही आणि भाऊ असे तिघे समान वारस आहात. त्याच कायद्याचे कलम 28 सांगते की कोणत्याही रोगामुळे, व्यंगामुळे किंवा शारीरिक दोषामुळे कोणीही वारसाहक्काला अपात्र ठरत नाही. मालमत्ता बाळगण्याचा व वारशाने मिळवण्याचा समान हक्क 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदले गेले की ते फिरवणे अतिशय कठीण होते, त्यामुळे ‘नंतर बघू’ या भरवशावर अंगठा किंवा सही देऊ नका. कोणी मसुदा पुढे केलाच तर तो युनिकोडमधील फाईल म्हणून मागा, स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर, स्वतः वाचा आणि मग तुम्ही निवडलेल्या वकिलाला दाखवा. ‘मी वाचून दाखवतो’ असे म्हणणाऱ्या काकांवर तुमचा कितीही विश्वास असो.

काकांच्या वाक्यात सौदा आहे: सांभाळण्याच्या बदल्यात हिस्सा. हा सौदा ज्याच्या नावाने मांडला जातो तो भाऊ गप्प आहे, आणि त्याचे गप्प बसणे मला तुमच्याइतकेच खटकते. पण त्याच्या बाजूनेही थोडे पाहू. महाभारतात थोरला भाऊ डोळ्यांनी अंध म्हणून राज्य धाकट्याकडे गेले. धृतराष्ट्राच्या मनातली सल पुढे सबंध युद्धाला पुरेल इतकी रंगवलेली आहे. थोरल्याला डावलून मिळालेल्या सिंहासनावर बसताना पंडूला काय वाटले असेल, यावर मात्र फारसे काही नाही. ऐकणारे आपणही गृहीत धरतो की ज्याला दिसत नाही त्याच्याच मनात सल असणार. तुमच्या घरात ती डोळस माणसाच्या मनात आहे. लहानपणी सायकल त्याला मिळाली, ‘ताईला दिसत नाही, तू समजून घे’ हे वाक्य त्याने शेकडो वेळा ऐकले, आणि आपल्याला दिसते ही गोष्टच कुणाचे तरी देणे आहे असे त्याने कधीतरी मनाशी पक्के केले. कर्ज कोणी दिले नाही आणि हप्ते मात्र चालू आहेत. बंगळुरूची नोकरी हा त्यातला सर्वांत मोठा हप्ता. आणि खरे सांगायचे तर नवख्या शहराची भीती झाकायला ‘ताई’ हे कारण सोयीचेही असू शकते. तसे असेल तर तुम्ही त्याचे कारण होण्याचे बंद करावे.

त्याच्याशी दोघेच असताना बोला, आई-काकांसमोर नको. ‘तू खूप करतोस’ अशी प्रस्तावना करू नका, कारण ती केली की पुढचे सगळे आभारप्रदर्शनात जिरते. घरखर्चाचा आकडा, तुमचा पगार, तुमची कार्यालयात जाण्याची वाट, आजारी पडलात तर कोणाला फोन करता, हे त्याला तपशिलाने सांगा. माझा अंदाज आहे की यातले निम्मे त्याला ठाऊक नसेल. नंतर तुम्हाला त्याच्याकडून जे खरोखर हवे आहे तेही स्पष्ट मागा, मग ते महिन्यातून एकदा कागदपत्रांची छापील चळत वाचून देणे असो किंवा काकांपुढे ‘ताईचा हिस्सा ताईचाच’ असे एक वाक्य उच्चारणे असो. मदत मागणे आणि सांभाळून घेतले जाणे यांतला फरक तुम्हाला जन्मापासून माहीत आहे, त्याला तो अजून शिकायचा आहे. ‘प्रेरणा’ या शब्दाविषयीही त्याला सांगा. माझ्या ओळखीच्या एका अंध शिक्षिका म्हणतात की भाऊ आपल्याशी पूर्वीसारखा भांडेनासा झाला, त्या दिवशी आपल्याला पहिल्यांदा अपंग असल्यासारखे वाटले.

आणि तो बंगळुरूला गेलाच, तर त्याची आठवण येऊन तुम्हाला रडू येईल. येऊ दे. पाठचा भाऊ परगावी गेला की कोणत्याही बहिणीला येते तसेच ते असेल.

प्रश्न : आमचा थोरला मुलगा 13 वर्षांचा, स्वमग्न आहे. धाकटा 9 वर्षांचा आहे. तो कधीच हट्ट करत नाही, अभ्यासात पहिला असतो, दादाने वस्तू मोडली तरी ‘असू दे’ म्हणतो. सगळे त्याचे कौतुक करतात. मला मात्र अलीकडे काळजी वाटू लागली आहे. परवा त्याने विचारले, ‘मी झाल्यामुळे दादा असा झाला का?’ — एक आई, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तुमची काळजी योग्य जागी आहे. या वयाची मुले जगातल्या गोष्टींची कारणे स्वतःत शोधतात, त्यामुळे त्या प्रश्नाला ‘वेडा आहेस का’ असे उत्तर पुरत नाही. दादाचा मेंदू जन्माआधीपासूनच वेगळ्या पद्धतीने घडत होता, तू तेव्हा जगात नव्हतास, आणि तुझ्या येण्याने, रागावण्याने किंवा पहिला नंबर आणण्याने त्यात काही बदलत नाही, असे त्याला सरळ सांगा. पहिल्या नंबराचा उल्लेख मी मुद्दाम केला. घरातली कमतरता आपण दुप्पट गुण मिळवून भरून काढायची आहे, असे अशी मुले न सांगता ठरवतात, आणि आपण त्याला ‘समजूतदार’ म्हणून शाबासकी देतो.

अमेरिकेत सिएटल येथे डॉन मायर यांनी 1982 पासून अशा भावंडांसाठी ‘सिबशॉप’ नावाचे मेळावे सुरू केले. त्यांत मुले बराच वेळ खेळतात, खातात, आणि मधूनमधून भावंडाविषयी बोलतात. आपल्यासारखे घर दुसऱ्याचेही आहे, हे मुलाला कळणे हा त्यातला मोठा भाग. तुमच्या मुलाच्या शाळेतील किंवा थेरपी केंद्रातील दोन-तीन कुटुंबे मिळून एखाद्या रविवारी भावंडांना एकत्र आणली तरी हे साधते. व्याख्यान ठेवू नका, भेळ ठेवा.

आठवड्यातला एक तास धाकट्याचा म्हणून राखून ठेवा आणि त्या तासात दादाचा विषय तुम्ही काढू नका. ‘मला दादाचा राग येतो’ असे तो कधी म्हणालाच तर लगेच ‘असे बोलू नये’ म्हणण्याऐवजी आज काय मोडले ते विचारा. मोडलेली वस्तू दुरुस्त होत असेल तर दोघे मिळून करा, नाहीतर नवी आणा. आणि त्याच्या खणाला एक छोटे कुलूप लावून किल्ली त्याच्याकडेच द्या.